टाकीच्या प्रेशरवर ठिबक आणि टायमर

ठिबकला टायमर लावला पण गच्चीवरच्या टाकीतून पाणीच सुटत नाही अशी तक्रार असेल, तर त्याचं कारण बहुतेक आतला व्हॉल्व्ह. सोलेनॉइडवाल्या (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या) टायमरला उघडायला थोडं प्रेशर लागतंच, आणि टाकीचं प्रेशर असतं किती, 10 मीटर उंचीला चौरस सेंटीमीटरमागे 1 किलो, म्हणजे दुमजली घराला अर्धा-पाऊण. बॉल व्हॉल्व्हवाला घ्या, तो मोटरने फिरतो, त्याला प्रेशरशी घेणंदेणं नाही. फिल्टर टायमरच्या आधीच हवा, आणि बोरचं पाणी असेल तर क्षाराने ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) चोंदणारच, अधूनमधून एंड कॅप (नळीच्या टोकाचं झाकण) काढून लाइन धुवायची.

आंबा-चिकूच्या खोडाशी एकच ड्रिपर लावून काही होत नाही हो, पाणी ओढणारी मुळं लांब पसरलेली असतात, फांद्यांच्या घेराच्या आसपास 16 एमएमची नळी गोल फिरवा आणि ताशी 8 लिटरचे चार-पाच ड्रिपर टोचा. जास्वंद-मोगऱ्याला 4 लिटरचे एक-दोन पुरे. मात्र लाइन वेगळी ठेवा, झाडांना दोन-चार दिवसांनी पण बराच वेळ आणि झुडपांना थोडं थोडं, एकाच टायमरवर दोन्ही टाकलं तर कोणीतरी उपाशी राहतं नाहीतर कुजतं. पाऊस लागला की टायमरमधले सेल काढा, आत गळले तर नवा घ्यावा लागतो.