क्लिक चार ऐकू येतात, व्याकरणात वीस आहेत: खोएखोएचे ध्वनिमुद्रण कसे करावे?

अनुनाद
नामिबियातल्या खोएखोए भाषेतले (जुन्या पुस्तकांत हिलाच ‘नामा’ म्हटले आहे) साधारण तीनशे शब्द ध्वनिमुद्रित करून स्वनिमांचे (म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणाऱ्या ध्वनींचे) वर्णन लिहायचे आहे. क्लिकच्या (जिभेने टचकन काढलेल्या आवाजाच्या) चार जागा ओळखता येतात, पण व्याकरणांत क्लिक-व्यंजने २० दिली आहेत. चाचणी मुद्रणात साधा क्लिक आणि कंठद्वारीय क्लिक (ज्यात स्वरतंतूंमधली फट क्षणभर बंद होते) सारखेच वाटतात. दोष कानाचा, माइकचा की शब्द विचारण्याच्या पद्धतीचा? आणि टंकनासाठी कळफलकावरची उभी रेघ व उद्गारचिन्ह चालेल का?

पडजीभ
मुख्यतः पद्धतीचा. आधी जागा पक्क्या करा. हळहळताना आपण ‘च्च च्च’ करतो तो दंत्य क्लिक. घोड्याला हाकताना गालाच्या कडेने काढतो तो पार्श्विक. मराठीत ते शब्दात शिरत नाहीत, खोएखोएत ती पक्की व्यंजने आहेत. या दोन्हींत घर्षण असते, म्हणून आवाज किंचित रेंगाळतो. दंतमूलीय आणि तालव्य मात्र एकदम सुटतात. दंतमूलीय पोकळ, बाटलीचे बूच निघाल्यासारखा. तालव्य त्याहून बारीक आणि कोरडा.

आता वीस कसे होतात ते. क्लिकसाठी तोंड दोन ठिकाणी बंद होते: जिभेचा पुढचा भाग वर टेकतो आणि मागचा भाग पडजिभेच्या आसपास. जीभ मधोमध खाली गेली की कोंडलेली हवा विरळ होते, आणि पुढचा बांध सुटताच बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या वेळी मागचा बांध, नाक आणि कंठ काय करतात यावरून पाच प्रकार पडतात: साधा, महाप्राण (हा बऱ्याचदा घासत सुटतो), अनुनासिक, कंठद्वारीय आणि ज्यात श्वास उशिरा येतो तो. चार जागा गुणिले पाच.

सुटा शब्द म्हणवून घेतला, तर साध्या क्लिकनंतर स्वर लगेच सुरू होतो आणि कंठद्वारीय क्लिकनंतर मध्ये छोटी शांतता राहते. नवख्या कानाला ती निसटते. खरी खूण क्लिकच्या आधी सापडते. कंठद्वारीय आणि उशिरा-श्वासाच्या क्लिकमध्ये हवा नाकावाटे जात असते. शब्दारंभी ती ऐकू येत नाही, पण आधी स्वर असला तर त्या स्वराचा शेवट अनुनासिक होतो. साध्या क्लिकआधी तसे होत नाही. म्हणून प्रत्येक शब्द चौकट-वाक्यात (ठरलेले एकच वाक्य, ज्याच्या रिकाम्या जागी शब्द बसवतात; त्या जागेच्या लगेच आधी स्वर हवा) घालून पुन्हा म्हणवून घ्या.

सुरासाठी (शब्द उच्चारतानाच्या आवाजाच्या चढउतारासाठी) मात्र एकट्या चौकटीवर विसंबू नका. खोएखोएत शब्दाचा सुटा सूर आणि वाक्यात शेजारच्या शब्दांमुळे बदललेला सूर वेगळे असू शकतात. तीन वेळा सुटा, तीन वेळा चौकटीत, अशी दोन्हींची नोंद ठेवा. तिसऱ्या उच्चाराला यादी संपल्यासारखा उतार येतो, तेव्हा मापन दुसऱ्यावर करा. प्रचलित लेखनात सूर दाखवत नाहीत; कोशातला शब्द उतरवून घेतला म्हणजे सूर मिळाला असे होत नाही.

दौतटाक
यंत्राची बाजू. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एमपी३ नको: त्यात क्षणिक स्फोटाच्या आधी त्याची सावली उमटते आणि नेमकी क्लिकची सुरुवातच धूसर होते. ‘ऑटो गेन’ आणि ‘नॉइज रिडक्शन’ दोन्ही बंद. मोबाइलचे सॉफ्टवेअर क्लिकला खडखडाट समजून दाबते. माइक डोक्याला लावायचा, ओठांच्या कोपऱ्यापासून ३–५ सेंटिमीटरवर, श्वासाच्या झोताबाहेर. पातळी स्वरावर बेतली तर क्लिकचे टोक कापले जाते, म्हणून सर्वांत जोरकस दंतमूलीय क्लिक उणे १२ डेसिबेलच्या आसपास राहील अशी ठेवा.

टंकनाचे उत्तर: अजिबात नको. युनिकोडमध्ये क्लिकच्या चार अक्षरांना ०१सी० ते ०१सी३ हे स्वतंत्र क्रमांक आहेत. दिसायला कळफलकावरच्या खुणांसारखी, पण संगणकाच्या लेखी ती अक्षरे आहेत. विरामचिन्ह टाकले की शब्द मधूनच तुटतो, शोध फसतो, अकारविल्हे बिघडते. आधीच चूक झाली असेल तर सरसकट बदली करू नका, खरी उद्गारचिन्हेही बदलतील. शब्दाच्या स्तंभापुरतीच करा.

बोट्सवानातल्या नारो भाषेच्या लेखनात याच जागांसाठी रोमन सी, एक्स, क्यू आणि टीसी वापरतात. दोन्ही भाषांची सामग्री एकत्र ठेवणार असाल तर बदलसूची (कोणत्या अक्षराच्या जागी कोणते, याची यादी) पहिल्याच दिवशी करा.

उंबरठा
प्रस्तावनेत ‘खोइसान कुटुंब’ लिहू नका. भाषाशास्त्रज्ञ ग्रीनबर्गने या क्लिक असलेल्या भाषांचे ते एकच कुटुंब मानले होते. आता बहुतेक अभ्यासक खोए-क्वादी, काआ आणि तू ही वेगवेगळी कुटुंबे धरतात, आणि टांझानियातल्या सांदावे व हाद्झा बाजूला ठेवतात. खोएखोए पहिल्यात येते. क्लिक असणे हा नात्याचा पुरावा होत नाही. बांटू कुटुंबातल्या झुलू आणि खोसा भाषांतही ते आहेत.

संमती फक्त मुद्रणाची घेऊ नका. कोण ऐकणार, किती काळ, बोलणाऱ्याचे नाव द्यायचे की नाही, हे वेगवेगळे विचारा आणि उत्तरेही मुद्रित करा. दक्षिण आफ्रिकेतल्या सान समाजाने २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. खोएखोए बोलणारे सगळेच सान नाहीत, तरी ती वाचूनच निघा.

अनुनाद
चौकटीतला आधीचा स्वर कोणता ठेवावा?

पडजीभ
मुळात अनुनासिक नसलेला कोणताही, पण त्याच्या लगत म किंवा न नको. नाहीतर नाकातला आवाज क्लिकमुळे आला की शेजाऱ्यामुळे, ते ठरवता येणार नाही. आणि तीनशेही शब्दांना तीच चौकट.