ब्लॅकमनचं रेखाटन, एस्टिमेट 8 ते 12 हजार: बोलीआधी काय बघायचं?

यारातीर

मेलबर्नला पुढच्या महिन्यात ऑस्ट्रेलियन चित्रं आणि रेखाटनांचा मोठा लिलाव आहे. कॅटलॉगाच्या पुढच्या पानांवर नोलन, बॉइड, ब्रॅक असे महागडे चित्रकार आहेत, त्यांच्या वाटेला जायचं नाही. मागच्या पानांतला एक लॉट (विक्रीचा नग) डोक्यात बसलाय: ऑस्ट्रेलियन चित्रकार चार्ल्स ब्लॅकमन, शाळकरी मुलगी, कागदावर कोळसा, साधारण 1953, खाली उजवीकडे सही, एस्टिमेट (लिलावगृहाचा किमतीचा अंदाज) 8,000 ते 12,000 डॉलर. मालकीच्या इतिहासात "खाजगी संग्रह, मेलबर्न" एवढंच लिहिलंय.

सगळं धरून 12,000 च्या वर जायचं नाही. तर बोली कुठे थांबवायची? अस्सल आहे की नाही याबद्दल स्वतः काय तपासता येतं? आणि पुढे कधी हे पुण्याला न्यायचं झालं तर परवाना लागतो का?

हिशेबनीस

आधी पैशाचं. एस्टिमेट हातोडीच्या किमतीचं, म्हणजे शेवटच्या बोलीचं असतं, बिलाचं नाही. त्यावर बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावगृह खरेदीदाराकडून घेतं ते शुल्क, येतो. तो प्रत्येक लिलावगृहाचा वेगळा असतो; इथे जीएसटीसह 25 टक्के धरू.

ब्लॅकमन 2018 मध्ये गेले, म्हणजे रिसेल रॉयल्टीही (पुनर्विक्रीतला कलाकाराचा किंवा वारसांचा वाटा) लागू शकते. कलाकार हयात असेपर्यंत आणि मृत्यूनंतर 70 वर्षं, 1,000 डॉलर किंवा त्यावरच्या पुनर्विक्रीवर 5 टक्के. ही हातोडीच्या किमतीवर मोजतात, प्रीमियम त्यात धरत नाहीत. कायद्याने देणं विक्रेत्याचं आणि त्याच्या वतीने विकणाऱ्याचं आहे, पण बरीच लिलावगृहं अटींमध्ये लिहून ती खरेदीदाराच्या बिलात टाकतात. लॉटच्या क्रमांकाशेजारी रॉयल्टीचं एखादं चिन्ह आहे का बघा. एकाच कलाकाराच्या दोन लॉटपैकी एकालाच चिन्ह असेल तर ती छपाईची चूक समजू नका. 9 जून 2010 ला कायदा लागू झाला आणि त्यानंतरचं पहिलं मालकी हस्तांतर रॉयल्टीतून वगळलेलं आहे. ज्याच्याकडे चित्र त्याआधीपासून आहे, त्याच्या विक्रीवर रॉयल्टी नाही.

आता आकडे. 9,000 ला हातोडी पडली तर 2,250 प्रीमियम, 450 रॉयल्टी, एकूण 11,700. 9,500 ला पडली तर 12,350. या टप्प्यात बोली साधारण 500 नेच चढते, म्हणजे तुमची शेवटची बोली 9,000. त्रयस्थ ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून बोली लावलीत आणि त्यांनी वर 5 टक्के घेतले, तर 9,000 चेसुद्धा 12,150 होतात. लिलावगृहाच्या स्वतःच्या साइटवरून, फोनवर किंवा हॉलमध्ये बोली लावा.

जीएसटी नोंदणी असलेला विक्रेता असेल तर काही ठिकाणी हातोडीच्या किमतीवर आणखी 10 टक्के लागतो. त्याचंही वेगळं चिन्ह असतं.

आणि हे चित्र स्वतःच्या सुपर फंडातून (स्वतः चालवलेल्या निवृत्ती फंडातून) घ्यायचा विचार असेल तर आत्ताच सोडा. फंडाचं चित्र घरच्या भिंतीवर लावता येत नाही, घरात ठेवताही येत नाही, आणि घेतल्यापासून 7 दिवसांत फंडाच्या नावाने विमा काढावा लागतो.

कागदपारखी

कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्राच्या अवस्थेचा अहवाल मागवा, फुकट मिळतो. पण त्यात "वयोमानानुसार ठीक" असं एका ओळीत असेल तर त्याला काही अर्थ नाही. लिलावाआधीच्या प्रदर्शनाच्या दिवसांत जा आणि चित्र फ्रेममधून काढून दाखवा अशी विनंती करा. 8,000 च्या लॉटसाठी ही मागणी अजिबात वावगी नाही, मात्र आदल्या दिवशी सांगून ठेवा.

चित्र हातात आलं की पहिल्यांदा माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) खिडकीची आतली कड बघा. कापलेल्या तिरक्या कडेचा गाभा तपकिरी झाला असेल तर बोर्ड आम्लयुक्त आहे, आणि त्याच रेषेवर कागदही भाजलेला, म्हणजे तपकिरी पडलेला असणार. माउंट बदलता येतो, कागदावरची रेघ पूर्ण जात नाही. मग माउंटखाली झाकलेल्या कागदाचा रंग उघड्या भागाशी ताडून बघा. आतला फिकट आणि बाहेरचा चहाच्या रंगाचा, म्हणजे वर्षानुवर्षं घराच्या खिडकीसमोर टांगलं होतं.

कागद बोर्डावर पूर्ण चिकटवलेला आहे का? कॅटलॉगात हे "बोर्डावर बसवलेला" असं निरुपद्रवी वाटेल अशा शब्दांत येतं. किंमत इथेच पडते. तज्ज्ञाकडून तो सोडवून घ्यायचा खर्च स्वस्त चित्राला परवडत नाही, आणि कोळशाच्या चित्रात तर ओलाव्याचं काम करणंच अवघड. फॉक्सिंगचे तपकिरी ठिपके कमी करणंही याच कारणाने कठीण. जलरंगातले चार ठिपके आणि कोळशातले चार ठिपके सारखे मोजू नका.

काचेऐवजी साधं अॅक्रिलिक लावलेलं असेल तर त्याची आतली बाजू बघा. स्थिर विजेने ते कोळशाची पूड ओढून घेतं. आत चित्राची पुसट सावली दिसली तर तेवढा कोळसा कागदावरून गेलेला आहे. फ्रेम करताना काच किंवा स्थिर वीज न धरणारं अॅक्रिलिक घ्या, चित्र आणि काच यांत अंतर ठेवा, आणि कागद जपानी टिश्यूच्या बिजागऱ्यांवर गव्हाच्या स्टार्चच्या खळीने टांगून घ्या. सेलोटेप कुठेच नको. घरात उजेड 50 लक्सच्या आसपास. मेलबर्नच्या ऊन येणाऱ्या उत्तराभिमुख भिंतींवर हे जमत नाही.

शीटचं माप फ्रेममधून काढल्यावर स्वतः घ्या. कॅटलॉगातलं माप पुष्कळदा माउंटच्या खिडकीचं असतं. कडा कापलेल्या निघाल्या तर प्रश्न विचारा.

सिडनीकर

वरच्या दोघांनी अस्सलपणाचा प्रश्न टाळला, आणि ब्लॅकमनच्या बाबतीत तोच पहिला हवा. 2010 मध्ये व्हिक्टोरियाच्या सुप्रीम कोर्टाने ब्लॅकमनच्या नावाची दोन आणि रॉबर्ट डिकरसनच्या नावाचं एक रेखाटन बनावट ठरवून ती नष्ट करायला सांगितली. खुद्द दोघे चित्रकार वादी होते. बनावट निघालेल्या ब्लॅकमनचा विषय कोणता, तर शाळकरी मुली. त्यामुळे "खाजगी संग्रह, मेलबर्न" या तीन शब्दांवर 12,000 लावू नयेत असं माझं स्पष्ट मत. विक्रेत्याचं नाव लिलावगृह सांगणार नाही, पण "सध्याच्या मालकाने कधी, कुठून घेतलं, पावती आहे का" याचं उत्तर देऊ शकतं. लेखी मागा.

कॅटलॉगाची भाषा बारकाईने वाचा. "सही केलेलं" आणि "सही असलेलं" यांत फरक आहे. दुसऱ्याचा अर्थ: सही आहे, पण ती चित्रकाराचीच आहे असं आम्ही म्हणत नाही.

पाठीमागची लेबलं बोलतात. दशमान चलन 14 फेब्रुवारी 1966 ला आलं, म्हणून 1953 च्या लेबलवर डॉलर असूच शकत नाहीत. गॅलऱ्या तेव्हा गिनी या जुन्या चलनात किंमत लिहीत. पोस्टकोड 1967 चे. मेलबर्नच्या फोन नंबरांत त्या काळी सुरुवातीला अक्षरं असत, आणि आठ आकडे 1990 च्या दशकाच्या मध्यात आले.

ब्लॅकमनने शाळकरी मुलींची चित्रं 1953 मध्ये मेलबर्नच्या पीटर ब्रे गॅलरीत मांडली होती. त्या वेळची वर्तमानपत्री परीक्षणं नॅशनल लायब्ररीच्या ट्रोव्ह या ऑनलाइन संग्रहात फुकट शोधता येतात. जुने लिलाव ऑस्ट्रेलियन आर्ट सेल्स डायजेस्ट या लिलाव-नोंदींच्या संग्रहात शोधा. हेच रेखाटन पूर्वी न विकलं जाता परत गेलं असेल, तर ते कळलेलं बरं.

अतिनील दिव्याखाली कागद निळसर चमकला तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे कागद पांढरा दिसावा म्हणून घालतात ते रसायन आहे. 1930 च्या म्हणवणाऱ्या चित्रात हे निर्णायक, 1953 च्या चित्रात नाही. उगाच तेवढ्यावर घाबरू नका.

यारातीर

मनापासून आभार. आज पाठ बघितली. फ्रेमवाल्याचं एकच लेबल: साउथ यारा 3141, फोन सात आकडी, अक्षरं नाहीत. तपकिरी टेपने पाठ बंद आहे. उद्या उघडून दाखवणार आहेत.

सिडनीकर

म्हणजे फ्रेम 1967 ते 1995 च्या दरम्यानची. लेबल खोटं नाही, पण 1953 बद्दल ते काहीच सांगत नाही. उघडल्यावर कागदाच्या पाठीवर जुनी टाचणीची भोकं, स्टुडिओतला क्रमांक, दुसरं रेखाटन असं काही आहे का बघा. पाठ अगदी कोरी आणि पुढचा कागद भाजलेला, ही जोडी मला आवडत नाही. सहीचा कोळसा चित्राच्याच कोळशाइतका कागदाच्या दाण्यात शिरलाय का, तेही भिंगाखाली.

कागदपारखी

पुण्याचं राहिलं. 1986 च्या मूव्हेबल कल्चरल हेरिटेज (सांस्कृतिक वारसा देशाबाहेर नेण्याबाबतच्या) कायद्याखाली परवान्याचा प्रश्न येतो तो वय आणि बाजारभाव या दोन्ही मर्यादा ओलांडल्यावर. तैलचित्रं, कागदावरची कामं आणि आदिवासी कला यांच्या मर्यादा वेगळ्या. ऑफिस फॉर द आर्ट्स या सरकारी कार्यालयाकडून लेटर ऑफ क्लिअरन्स (परवाना लागत नाही असं पत्र) मागवून ठेवा, म्हणजे विमानतळावर वाद नको. भारतात उतरल्यावर सीमाशुल्क आणि आयजीएसटी लागेल, म्हणून मूळ बिल जपून ठेवा.

हिशेबनीस

हॉलमध्ये जाणं जमत नसेल तर फोनवरची बोली ठरवा, नोंदणी किमान 24 तास आधी. फोन लागलाच नाही तर म्हणून 9,000 ची लेखी बोलीही देऊन ठेवा. राखीव किंमत (जिच्याखाली विक्रेता विकत नाही ती) एस्टिमेटच्या खालच्या आकड्याच्या वर नसते, त्यामुळे 8,000 च्या आतही लॉट सुटू शकतो. न विकला गेला तर लिलावानंतर लगेच विचारा. त्या संध्याकाळी विक्रेता ऐकतो. जिंकलात तर जोखीम कधीपासून तुमची ते अटींत बघा. काही ठिकाणी ती हातोडीबरोबरच येते, पैसे भरल्यावर नव्हे, तेव्हा घरच्या विम्याला आदल्या दिवशीच कळवा.