अँटारेस रॉकेटमध्ये कंपनीचे स्वतःचे काय होते?

जिज्ञासू_४११: ऑर्बिटल सायन्सेस या अमेरिकी कंपनीच्या अँटारेस रॉकेटची इंजिने सोव्हिएत काळातील होती आणि पहिल्या टप्प्याचा सांगाडा युक्रेनमधून येत असे, असे वाचले. मग ते रॉकेट त्या कंपनीचे कसे? आणि जुनी इंजिने घेण्यामागे निव्वळ काटकसर होती का?

कक्षाभ्रमण: काटकसर होतीच, पण वेळ अधिक मोलाचा होता. नासाने 2008 मध्ये अवकाश स्थानकाकडे सामान नेण्याच्या आठ फेऱ्यांचे कंत्राट दिले, आणि मोठे केरोसीन इंजिन नव्याने विकसित करायचे म्हटले तर त्यातच कित्येक वर्षे गेली असती. सोव्हिएत चांद्ररॉकेट एन-1 ची चारही उड्डाणे फसल्यावर त्याच्या सुधारित आवृत्तीसाठी बनवलेली एनके-33 इंजिने गोदामात पडून होती. ती एरोजेट या अमेरिकी इंजिन कंपनीने घेतली, वायरिंग व इलेक्ट्रॉनिक्स नवे घातले, दिशा वळवण्याची सोय केली आणि त्यांना एजे-26 हे नाव दिले. टर्बाइन फिरवून झालेला ऑक्सिजनयुक्त वायू बाहेर न सोडता मुख्य ज्वलनकक्षातच वापरला जात असल्याने हे इंजिन जुने असूनही कार्यक्षम होते. दुसऱ्या टप्प्याची घन इंधनाची मोटरही एटीके कंपनीची. ऑर्बिटलकडे उरली ती एकूण रचना, जोडणी आणि फसल्यास जबाबदारी. माझ्या मते रॉकेट 'त्यांचे' ठरते ते यामुळेच.

धातुशोध: ती जबाबदारी 28 ऑक्टोबर 2014 रोजी अंगावर आली. अमेरिकेतील वॉलप्स बेटावरून उड्डाण होताच सुमारे 15 सेकंदांत एका इंजिनाच्या द्रव ऑक्सिजन पंपात स्फोट झाला. पंपातील फिरता व स्थिर भाग घासून आग लागली, इथपर्यंत एकमत झाले. घासण्याचे मूळ कारण मात्र चौकशीत एकच ठरले नाही. दुसऱ्याने, दुसऱ्या रॉकेटसाठी, दुसऱ्या काळात घडवलेल्या यंत्राच्या दोषाचा माग काढणे असे अवघड जाते.

विक्रोळीकर: काम बाहेर देणे आणि आराखडाच बाहेरचा असणे, यांत फरक करावा. आमच्या विक्रोळीत गोदरेज इस्रोसाठी विकास इंजिने बनवते, पण आराखड्यावर ताबा इस्रोचा. (मुळात तेही फ्रान्सच्या वायकिंग इंजिनावरून आले, हे खरे.) अँटारेसमध्ये 2016 पासून एजे-26 ऐवजी रशियाची आरडी-181 इंजिने युक्रेनच्या सांगाड्याला जोडली जात होती, तीही या दोन देशांत क्रिमियाचा वाद पेटल्यानंतर! 2022 च्या युद्धाने दोन्ही पुरवठे तुटले. शिल्लक सामग्रीवर ऑगस्ट 2023 पर्यंत उड्डाणे झाली. त्यानंतर कंपनीचे नवे मालक नॉर्थरोप ग्रमन यांना आपले सिग्नस हे मालवाहू यान प्रतिस्पर्धी स्पेसएक्सच्या फाल्कन 9 वरून पाठवावे लागले.