सासऱ्यांच्या संगणकात तीन ड्राइव्ह कशासाठी?

हिशेबनीस
निवृत्त सासऱ्यांच्या संगणकात साठवणीसाठी काय घ्यावे, असे एका सदस्याने परवा विचारले होते. त्यावर ‘तंत्रवेडा’ यांनी विंडोजसाठी २५६ जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क), फायलींसाठी एक टीबीच्या दोन हार्ड डिस्क आणि त्या दोन्हींची रेड-१ जोडणी (दोन्हींवर तीच फाइल एकाच वेळी लिहिणारी) असा आराखडा दिला आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. मला तो आराखडा मुळातच चुकीचा वाटतो. ज्या गृहस्थांना पेन्शनची कागदपत्रे, नातवंडांचे फोटो आणि सोसायटीच्या सभांची इतिवृत्ते एवढेच जपायचे आहे, ते प्रत्येक फाइल डेस्कटॉपवर ठेवणार. डेस्कटॉप असतो सी ड्राइव्हवर, म्हणजे विंडोजच्या एसएसडीवर. म्हणजे दोन्ही हार्ड डिस्क रिकाम्याच फिरत राहणार आणि छोटी एसएसडी मात्र लग्नकार्यांच्या व्हिडिओंनी तुडुंब भरणार. रेड-१ मध्ये एक डिस्क बंद पडली तरी काम चालते हे मान्य, परंतु चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते. एक टीबीची एकच एसएसडी बसवावी, बाहेरची हार्ड डिस्क जोडून फाइल हिस्टरी (फायलींच्या प्रती आपोआप ठेवणारी विंडोजची सोय) चालू करावी आणि विषय संपवावा.

तंत्रवेडा
रेड म्हणजे बॅकअप, असे मी कोठेही लिहिलेले नाही. न लिहिलेले वाक्य माझ्या माथी मारू नये. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर प्रॉपर्टीजमधील लोकेशन बदलून दुसऱ्या ड्राइव्हवर नेता येतात, हे आपल्याला ठाऊक असूनही आपण सोयीस्करपणे वगळले. शिवाय हार्ड डिस्क मरण्यापूर्वी बहुधा खडखडते, एसएसडी मात्र एखाद्या सकाळी काहीही न सांगता नाहीशी होते. आणि रिसायकल बिन रिकामे केल्यावर हार्ड डिस्कवरची फाइल पुष्कळदा परत मिळवता येते. एसएसडीला विंडोजने ट्रिमची, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा मोकळी करण्याची, आज्ञा दिली की ती आशाही जवळजवळ संपते.

कोकणवासी
आपण दोघे डिस्कवर भांडत आहात, पण खरा धोका डिस्कचा नसून फॉरमॅट मारणाऱ्या माणसाचा आहे. आमच्या तालुक्याच्या गावी प्रिंटर चालत नसला तरी उपाय एकच, फॉरमॅट, म्हणजे सगळे पुसून विंडोज पुन्हा घालणे. माझ्या आत्याने बचत गटाचे सगळे हिशेब डेस्कटॉपवर ठेवले होते. दुरुस्ती करणाऱ्याने ‘डीला हात लावत नाही, काळजी करू नका’ असे सांगून सी पुसला; डीमध्ये फक्त आरत्या आणि जुने गेम होते. त्यानंतर गटातल्या बायकांपुढे तिला जे ऐकून घ्यावे लागले, ते मी येथे लिहिणार नाही. एकाच डिस्कचे सी आणि डी असे विभाग पाडण्याच्या या रिवाजाने साध्या माणसाला खोटा दिलासा मिळतो.

जुनाजाणता
याला विभागणीचा दोष म्हणत नाहीत, फाइल भलत्या ठिकाणी ठेवण्याचा दोष म्हणतात. विंडोज ९८ च्या काळापासून मी घरातल्या प्रत्येक संगणकावर डी ड्राइव्ह करत आलो आहे आणि सी कितीही वेळा पुसला तरी माझे एकही कागदपत्र गेलेले नाही. आत्याबाईंना कोणी दोन मिनिटे बसवून शिकवले असते, तर ही वेळ आली नसती.

कोकणवासी
शिकवणारे मुंबईला असतात आणि गणपतीला येतात. तेव्हा संगणकापुढे बसायला कोणाला सवड असते? उपदेश करताना एवढा तरी विचार करावा.

हिशेबनीस
जुनाजाणता, फॅट-१६ मध्ये (डिस्कवर फायली मांडण्याच्या जुन्या पद्धतीत) एक विभाग २ जीबीहून मोठा करता येत नसे, तेव्हा तुकडे पाडणे भागच होते. ती अडचण गेली, रिवाज राहिला. आता विंडोजमध्ये फायली तशाच ठेवून रीसेट करण्याची सोय आहे, त्यामुळे निव्वळ फॉरमॅटच्या भीतीने जागेचे तुकडे करण्याचे कारण उरत नाही. आणि डिस्कच गेली, तर सीबरोबर डीही जातो.

दूरदेशी
मी जर्मनीतून वडिलांचा संगणक सांभाळते, म्हणून लिहिते. वनड्राइव्हची (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीची) फुकट जागा ५ जीबी. ती भरल्याची सूचना आली की वडिलांना संगणकच बंद पडणार असे वाटते आणि माझा फोन वाजतो. शेवटी बाहेरची डिस्क आणून दिली, तर हरवू नये म्हणून त्यांनी ती काढून कपाटात कुलूपबंद ठेवली. फाइल हिस्टरीने विषय संपतो असे म्हणणाऱ्यांनी ती केबल कोण जोडणार, हेही सांगावे. आणखी एक गोष्ट येथे कोणीच काढलेली नाही. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून, नव्याने विंडोज घालून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की ड्राइव्ह बहुधा आपोआप कूटबद्ध होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही. मग ड्राइव्ह एक असो वा तीन, बिघाडानंतर रिकव्हरी की, म्हणजे ती उघडणारा लांबलचक क्रमांक, मागितली जाते आणि ती ज्या खात्यात असते, त्याचा पासवर्ड वडिलांना आठवत नसतो.

तंत्रवेडा
फायली अडकवून पैसे मागणाऱ्या खंडणीखोर व्हायरसपासून कपाटातली डिस्कच सर्वांत सुरक्षित, तेव्हा आपल्या वडिलांनी आम्हा सर्वांपेक्षा उत्तम व्यवस्था केली आहे, असे म्हणावे लागेल. रेड-१ मी सोडून देतो. हिशेबनीसांचे पटले म्हणून नव्हे, तर तुटलेली जोडी पुन्हा जोडायला सासऱ्यांकडे मलाच जावे लागेल म्हणून. मात्र २५६ऐवजी एक टीबीची एसएसडी घ्यायची, तर वरचे पैसे हिशेबनीसांनी द्यावेत.

जुनाजाणता
ती ४८ अंकी की मी छापून बँकेच्या पासबुकात ठेवीन, एवढे दूरदेशी यांचे ऐकतो. विभाग मात्र दोनच करणार.