वनातली चराई: आमचा हक्क कुठे मागायचा?

वाघरवाला, फलटण:
राम राम मंडळी. आम्हा धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारी कुटुंबं, दिवाळीनंतर कोकणात उतरतो. भात निघालेल्या खाचरात खतासाठी मेंढ्या बसवल्या की शेतकरी धान्य द्यायचे, ते आता कमी झालं. वाटेतल्या माळावर रोपवन आणि तारेचं कुंपण. यंदा एका वनखात्याच्या गार्डने दंड म्हणून पैसे घेतले, पावती दिली नाही, वर कुऱ्हाडही ठेवून घेतली. वनहक्क कायद्यात आमचं काही आहे का?

कुरणकर:
आहे. २००६ च्या कायद्यात, कलम ३ मध्ये, भटक्या पशुपालकांची हंगामी चराई सामूहिक हक्कांत धरलीय. मेख पुढे आहे. धनगर इथे भटक्या जमातीत, अनुसूचित जमातीत नाहीत. म्हणून १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, वनात राहून त्यावर जगल्याचं दाखवावं लागतं. दावा ग्रामसभेकडे.

वाघरवाला, फलटण:
सातबारा नाही, बिऱ्हाड घोड्यावर. ७५ वर्षांचा कागद कुठला? आणि तिथल्या ग्रामसभेत आम्हाला कोण विचारतो!

सह्याद्रीकाठ:
दाजी, कागदच हवा असं नाही. जाणत्या म्हाताऱ्यांचे लेखी जबाब चालतात, फक्त ते दावेदार नकोत. जोडीला आणखी एक पुरावा लावा. दाव्याची पडताळणी तुमचा माणूस हजर असतानाच व्हायला हवी, तसा नियमच आहे. आणि पुढच्या वेळी पावतीशिवाय पैसा सोडू नका.