बेकी शार्पला खलनायिका म्हणणं बंद करा

उंटावरचा शहाणा:
इंग्रज लेखक थॅकरेच्या 'व्हॅनिटी फेअर' या कादंबरीतल्या (१८४७-४८) बेकीचं नाव काढलं की लोक नाकं मुरडतात. लफडेबाज, पैशामागे लागलेली वगैरे. मला तर अख्ख्या कादंबरीत शुद्धीवर असलेली ती एकटीच वाटते. बाप चित्रकला-मास्तर, आई ऑपेरावाली, दोघंही वारलेले. चिझिकच्या शाळेत फ्रेंच शिकवायची, त्या बदल्यात राहायला मिळायचं. तिथून सुटताना हातात जॉन्सनचा शब्दकोश ठेवला, तर पोरीने तो गाडीतून परत त्यांच्याच बागेत भिरकावला!

आणि तो 'सज्जन' जॉर्ज, बेकीच्या मैत्रिणीचा नवरा? लग्नाला दोन महिने झाले नाहीत तोवर बेकीला 'पळून जाऊ' अशी चिठ्ठी देतो. मग वॉटर्लूच्या लढाईत मरतो आणि चर्चमध्ये त्याचं स्मारक उभं राहतं, रडणाऱ्या ब्रिटानियासकट (ब्रिटनचं स्त्रीरूप).

हिशेबनीस:
सपशेल असहमत. रॅगल्सला सोयीस्कर विसरलात. बेकीच्या सासरच्या क्रॉली घराण्यात बटलरकी करून, पै-पै साठवून बिचाऱ्याने लंडनच्या कर्झन स्ट्रीटवर घर घेतलं. बेकी आणि तिचा नवरा रॉडन त्यात एक पैसा भाडं न देता थाटात राहिले, काही काळ खाणंपिणंही त्याच्याच खर्चाने. शेवटी तो पार धुळीला मिळाला. उमरावांना टोप्या घाल की, पण नोकरमाणसाला? आणि जिन्यात उभं राहून आईचं गाणं ऐकणाऱ्या पोटच्या पोराच्या कानाखाली वाजवणारी ही बाई!

उंटावरचा शहाणा:
पोराचं मी समर्थन करत नाही. पण उधारीची सवय रॉडनला लग्नाआधीपासूनच होती. बिल मात्र बेकीच्या नावावर फाडायचं?

मिरचीचा ठेचा:
अहो, भांडताय काय, आधी हसा तरी! लेखक कलकत्त्यात जन्मलेला (१८११), त्यामुळे कंपनीचा कलेक्टर जॉस सेडली त्याने झक्कास रंगवलाय. करीने बेकीचं तोंड पोळलेलं असताना तो तिला मिरची घ्यायला सांगतो, आणि ही काहीतरी गार असेल समजून चावते. पुढे वॉटर्लूच्या वेळी तोच जॉस घाबरून ब्रसेल्समधून पळायला घोडे शोधतो, तेव्हा बेकी आपले घोडे अव्वाच्या सव्वा भावाने त्याच्या गळ्यात मारते. मिरची व्याजासकट वसूल!

हिशेबनीस:
जॉसचा शेवट पण सांगा ना. मेल्यावर विम्याचे २,००० पौंड, त्यातले निम्मे बेकीला. विमा कंपनीचा वकील म्हणतो, इतकं काळंबेरं प्रकरण पाहिलं नाही. शिवाय थॅकरेने स्वतः काढलेल्या चित्रात ती पडद्याआड उभी आहे, खाली नाव क्लायटेम्नेस्ट्राचं. म्हणजे ग्रीक पुराणातली नवऱ्याचा खून करणारी. आणखी काय पुरावा हवा?

उंटावरचा शहाणा:
चित्र हा पुरावा? मजकुरात खुनाचा एक शब्द नाही. हिंमत होती तर सरळ लिहायचं होतं. शेवटी ती बाथ नि चेल्टनहॅमला दानधर्माच्या स्टॉलवर उभी राहते, याचं मात्र कुणालाच वावडं नाही.

हिशेबनीस:
दानधर्म कुणाच्या पैशावर, तेवढं सांगा.