मदत हवी आहे: कारचा एसी आधी गार, गाडी तापली की एकदम गरम हवा (गॅस भरूनही तेच)

नमस्कार मंडळी,

गाडीच्या एसीत नेमका बिघाड कुठे आहे ते शोधायला मदत हवी आहे. लक्षणं दिसतात तशी सगळी लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या, कारण अर्धवट माहिती दिली की 'गॅस भरून घ्या' एवढंच उत्तर मिळतं आणि ते आधीच करून झालंय.

गाडी थंड असताना एसी लावला की दोन-तीन मिनिटांत मस्त गार हवा येते. पुढचा अर्धा-पाऊण तास काही तक्रार नाही. मग गारवा जातो, आणि हळूहळू नाही, एकदम जातो. ब्लोअर तसाच जोरात चालू, झोत तेवढाच, पण हवा बाहेरच्यासारखी. गर्दीत हळू चालवताना हे लवकर होतं, मोकळ्या रस्त्यावर उशिरा. इंजिन बंद करून तासाभराने परत लावलं की पुन्हा गार, जणू काही झालंच नव्हतं.

गॅरेजमध्ये दर वेळी तेच. गाडी बराच वेळ उभी असते, मग गेज लावतात, गॅस कमी आहे म्हणतात, थोडा भरतात, गार हवा यायला लागते आणि गाडी देतात. एखाद्या लांबच्या फेरीत परत तोच प्रकार. लीक कुठे आहे विचारलं तर ठोस उत्तर नाही, आता कॉम्प्रेसरच बदला म्हणतायत. पण कॉम्प्रेसर गेलाय हे कुणी मोजून दाखवलेलं नाही आणि एवढं मोठं काम अंदाजावर करायला मन धजत नाही.

गाडी पेट्रोल, कॉम्प्रेसर बेल्टवर चालणारा, पुढे क्लचची (कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणाऱ्या चुंबकी क्लचची) प्लेट दिसते, गॅस आर-१३४ए, एसी साधा नॉबवाला. केबिन फिल्टर नवा आहे, कंडेन्सरची (रेडिएटरसमोर गॅस थंड करणाऱ्या भागाची) जाळी धुऊन घेतली आहे. मल्टिमीटर वापरता येतो, गेजचा सेट मित्राकडून मिळेल. कुठून सुरुवात करू?

— प्रतिसाद —

कूलिंग कॉइलवर बर्फ धरत असेल. थर्मिस्टर (कॉइलचं तापमान बघणारा सेन्सर) खराब झाला की कॉम्प्रेसर वेळेवर बंद होत नाही, कॉइल शून्याच्या खाली जाते, तिच्या पातळ पात्यांमध्ये बर्फ साचतो आणि हवा यायची थांबते. गाडी बंद ठेवली की बर्फ वितळतो आणि परत सगळं ठीक. माझ्या गाडीत अगदी हेच होतं, थर्मिस्टर बदलला आणि प्रश्न मिटला.

— प्रतिसाद —

वरचं निदान चुकीचं नाही पण इथे बसत नाही असं वाटतं. बर्फ धरला की आधी झोत कमी होतो, ब्लोअरचा आवाज येतो पण हवा येत नाही, आणि बंद केल्यावर गाडीखाली भरपूर पाणी पडतं. धागाकर्ते म्हणतायत झोत तेवढाच आहे. शिवाय बर्फाचा त्रास मोकळ्या रस्त्यावर लांब चालवताना जास्त दिसतो, यांचं उलट आहे.

माझं पहिलं सांगणं, काहीही बदलायच्या आधी बिघाड चालू असताना बॉनेट उघडून बघा. गार गाडी गॅरेजमध्ये नेऊन काही सापडत नाही कारण त्या वेळी ती बरी असते. गरम हवा यायला लागली की सुरक्षित जागी थांबा, इंजिन आणि एसी दोन्ही चालू राहू द्या आणि तीन गोष्टी बघा:

एक, कंडेन्सरचा फॅन फिरतोय का. गर्दीत गरम आणि वेगात गार हे फॅनचं नेहमीचं लक्षण आहे, वेगात समोरून वारा मिळतो म्हणून फॅन नसला तरी भागतं.

दोन, क्लचची पुढची प्लेट फिरतेय का. पुली तर बेल्टबरोबर कायम फिरतेच, तिच्याकडे बघून फसू नका. मधली प्लेट उभी असेल तर कॉम्प्रेसर चालूच नाहीये.

तीन, केबिनकडून कॉम्प्रेसरकडे येणारा जाड पाइप हाताला गार लागतो का. पाइप गार आणि आत हवा गरम असेल तर एसी बिचारा त्याचं काम करतोय, आत हीटरची हवा मिसळणारी झडप अडकली आहे. पाइप पण कोमट असेल तर बिघाड पुढच्या बाजूला. बारीक पाइपला हात लावू नका, तो चांगलाच तापतो. आणि सैल कपडे, ओढणी, मफलर काही बेल्टजवळ जाऊ देऊ नका.

— धागाकर्ता —

धन्यवाद, आज मुद्दाम गाडी तापवून बघितलं. दोन्ही फॅन फिरत होते. जाड पाइप आधी गार आणि घाम आलेला होता, हवा गरम झाल्यावर दोन-चार मिनिटांत कोमट झाला. आणि मुख्य म्हणजे क्लचची प्लेट उभी! पुली फिरतेय, प्लेट नाही. एसीचं बटण बंद-चालू केलं तरी टक असा आवाज आला नाही, गार असताना तो स्पष्ट येतो.

— प्रतिसाद —

मधेच विचारतो, माझ्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाखाली पाणी साचतं, एसी मात्र गार आहे. याचाच भाग आहे का?

— प्रतिसाद —

नाही, ते वेगळं. कॉइलवर जमलेलं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली आहे. गाडीखालून नळीचं टोक सापडतं, तिथून मऊ वायर किंवा हलकी हवा मारून मोकळी करा, जोराची हवा नको, आतली जोडणी सुटते. पाणी गोडसर वासाचं, चिकट असेल तर मात्र ते कूलंट आहे, मग हीटरची कॉइल लगेच दाखवा.

— प्रतिसाद —

प्लेट उभी दिसली म्हणजे अर्धं काम झालं. आता एकच प्रश्न उरतो, प्लेटला करंट मिळत नाहीये की करंट मिळूनही ती चिकटत नाहीये. दोन्हीचं कारण वेगळं आणि दुरुस्ती पण वेगळी.

करंट मिळत नसेल तर रिले, फ्यूज, प्रेशर स्विच, थर्मिस्टर, किंवा इंजिन फार तापलं म्हणून कॉम्प्युटरने एसी तोडलाय, असं काहीतरी. प्रेशर फार वाढून स्विचने तोडलं असेल तर मिनिटा-दोन मिनिटांत प्रेशर उतरतं आणि क्लच परत लागतो, मग परत सुटतो, असं चालू राहतं. तुमचा तर पूर्ण थंड होईपर्यंत लागतच नाही.

म्हणून माझा संशय क्लचच्या गॅपवर आहे. प्लेट आणि पुलीमध्ये बारीक फट असते, बऱ्याच कॉम्प्रेसरना ती साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर लागते, नक्की आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. वर्षानुवर्षं टक-टक होऊन पृष्ठभाग झिजतो आणि फट वाढते. गार असताना चुंबक कशीबशी प्लेट ओढतो. पण चुंबकाची कॉइल तांब्याची, आणि तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला जवळपास ०.४ टक्के वाढतो. ३० अंशांना ३.६ ओहम असलेली कॉइल १०० अंशांना साधारण ४.६ ओहम होते, करंट पावणेचार अँपियरवरून तीनच्याही खाली येतो, चुंबकाची ओढ कमी होते आणि वाढलेली फट ओलांडून प्लेट येत नाही. गर्दीत बॉनेटखालची गरमी जास्त म्हणून तिथे लवकर होतं, हे पण जुळतं.

आणि यातूनच गॅरेजचं कोडं सुटतं. गाडी तिथे बराच वेळ उभी, बॉनेट उघडं, क्लच थंड. गॅस भरला नसता तरी एसी चालूच झाला असता. श्रेय मिळालं गॅसला.

तपासायचं असं: बिघाड चालू असताना क्लचच्या कनेक्टरवर, कनेक्टर न काढता, मागून टोक लावून व्होल्टेज बघा. काढून मोजलं तर लोड नसतो आणि आकडा फसवतो. मग इंजिन बंद करून गरम असतानाच फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजा, तीन ठिकाणी. काठीने प्लेट ढकलून बघायची पद्धत आहे पण फिरत्या बेल्टजवळ ती करू नका.

— प्रतिसाद —

वरच्या सगळ्याशी सहमत. फक्त गॅसबद्दल एक महत्त्वाचं, कारण परत परत भरलाय म्हणून काळजी वाटते. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. वर्षानुवर्षांत रबरी होज आणि शाफ्टच्या सीलमधून थोडा झिरपतो, पण वारंवार कमी होत असेल तर लीक आहेच आणि ते सापडलंच पाहिजे. नसेल कमी होत, तर भरलेला जास्तीचा गॅस आत बसलाय.

इंजिन बंद असताना गेज लावून 'गॅस कमी आहे' असं कुणी सांगत असेल तर पटवून घेऊ नका. आत द्रवरूपात थोडा जरी गॅस शिल्लक असेल तर उभ्या गाडीतलं प्रेशर फक्त तापमानावर ठरतं, आर-१३४ए ला २५ अंशांना साधारण ८२ पीएसआय, ३० ला ९७, ३५ ला ११४. अर्धा भरलेला असो की पूर्ण, आकडा तोच. प्रेशर याच्या बरंच खाली असेल तरच गॅस जवळपास संपलाय असं म्हणता येतं.

चालू असतानाचे दोन्ही आकडे, लो (कॉम्प्रेसरमध्ये येणाऱ्या गॅसचं प्रेशर) आणि हाय (बाहेर पडणाऱ्याचं), एकत्र वाचायचे. दोन्ही कमी, तर गॅस कमी. दोन्ही जास्त, तर गॅस जास्त किंवा कंडेन्सरला वारा नाही किंवा आत हवा शिरलीये. लो जास्त आणि हाय कमी, तर कॉम्प्रेसर दमलाय. लो फार खाली आणि गारवा नाही, तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणारी बारीक झडप) तुंबलाय किंवा ओलावा गोठलाय. बाहेरच्या तापमानाप्रमाणे आकडे हलतात, पण लो २५ ते ४५ आणि हाय १५० ते २५० मध्ये असेल तर साधारण बरं.

गाड्यांमध्ये एसीचा गॅस वजनावर भरतात, बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात. गेज बघून अंदाजाने भरणं मला अजिबात मान्य नाही.

— धागाकर्ता —

सगळं मोजलं, एकेक लिहितो.

रात्रभर उभी गाडी, हवा ३० अंश, दोन्ही बाजूंना ९६ पीएसआय. चालू केल्यावर आयडलला लो ५०, हाय २९० च्या आसपास, फॅन चालू असताना. गारवा गेला तेव्हा लो चढत गेला, हाय उतरत गेला आणि दोन्ही जवळपास एक झाले.

बिघाडाच्या वेळी बॅटरीवर १३.९ व्होल्ट, क्लचच्या कनेक्टरवर १२.७. म्हणजे करंट मिळतोय तरी प्लेट येत नाहीये. गॅप तिन्ही ठिकाणी १ मिलिमीटरच्या वर, मॅन्युअलमध्ये ०.३५ ते ०.६ दिलंय. कॉइल गार असताना ३.७ ओहम.

आता क्लच बदलावा लागेल की नुसता गॅप कमी करता येतो? आणि हाय २९० चं काय करू?

— प्रतिसाद —

दोन्ही प्रेशर एक झाले म्हणजे पंपिंग थांबलं, ते प्लेट सुटल्यामुळेच. आणि थंड असताना कॉम्प्रेसर २९० पर्यंत दाब चढवतोय म्हणजे त्याच्यात दम आहे, तो बदलायचं काही कारण मला दिसत नाही.

प्लेटच्या मागे शाफ्टवर पातळ शिम (धातूच्या चकत्या) असतात. मधला बोल्ट काढला की प्लेट बाहेर येते, एखादी शिम कमी करून परत बसवा आणि गॅप मोजा. यासाठी गॅस काढायची गरज नाही. गॅप ०.४ च्या आसपास ठेवा, फार कमी केला तर एसी बंद असतानाही प्लेट घासत राहते आणि करपल्याचा वास येतो. प्लेट निळी पडलेली, खोल चरे पडलेली असेल किंवा पुलीचं बेअरिंग घरघरत असेल तर शिमवर वेळ न घालवता क्लचचा सेटच बदला.

हाय २९० साठी गॅस मशीनने पूर्ण काढून त्याचं वजन करायला सांगा. तुमचा फॅन चालू, जाळी धुतलेली, म्हणून गॅस जास्त झालाय असंच वाटतंय. मग अर्धा तास तरी व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा ओढून काढणं), व्हॅक्यूम धरून ठेवतोय का ते बघणं, आणि स्टिकरप्रमाणे वजन करून भरणं. हवेत सोडून देऊ नका, आर-१३४ए ओझोनला धोकादायक नसला तरी तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त भर टाकतो. आणि कुणी लीक बंद करणारा डबा मारायचा सल्ला दिला तर साफ नाही म्हणा, तो व्हॉल्व्हमध्ये आणि गॅरेजच्या मशीनमध्ये अडकतो.

— प्रतिसाद —

इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर असलेल्या हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी, यातलं क्लचचं काही तुम्हाला लागू नाही. तुमचा कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो, नारिंगी केबलला हात लावू नका आणि त्यात पीएजी ऑइल (बेल्टवाल्या कॉम्प्रेसरमधलं नेहमीचं ऑइल) जाऊ देऊ नका, वेगळं ऑइल लागतं.

— धागाकर्ता —

शिम काढली, गॅप आता ०.४. प्लेट बरी होती, बेअरिंगला आवाज नाही. गॅस काढल्यावर ६१० ग्रॅम निघाला, स्टिकरवर ४८० आहे! व्हॅक्यूम व्यवस्थित धरला, ४८० मोजून भरला. आयडलला लो ३३, हाय २०५, मधल्या जाळीतून ७ अंशांची हवा. भर गर्दीतून चालवली, गारवा गेला नाही. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, कॉम्प्रेसर वाचला.

एकच विचारायचंय, बॅटरी आणि क्लचमधला तो १.२ व्होल्टचा फरक तसाच सोडू का?

— प्रतिसाद —

सोडू नका, प्लेट थोडी झिजली की तोच फरक परत नडेल. एसी चालू ठेवून दोन भागात मोजा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं क्लचच्या प्लस वायरला, नंतर एक टोक कॉम्प्रेसरच्या बॉडीला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं. पहिल्या मोजणीत जास्त आलं तर रिलेचे पॉइंट काळे पडलेत, तशाच नंबरचा दुसरा रिले, हॉर्नचा वगैरे, लावून लगेच खात्री होते. दुसऱ्या मोजणीत जास्त आलं तर इंजिनची अर्थिंगची पट्टी सोडून, घासून परत घट्ट बसवा. आकडे इथे टाका.